गळती थांबली होती, बाय

बाय, तुझ्या हृदयाची झडप छान बसली होती. ऑपरेशन संपल्यावर सर्जन बाहेर आले, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाले, "दुरुस्ती चांगली झालीय. गळती पूर्ण थांबली." तुझ्या लेकाने, नितेशने, माझा हात घट्ट धरला, भावोजी बाकावर बसल्या बसल्या रडले आणि मी मूर्खासारखी साऱ्या नातेवाइकांना फोन करत सुटले. आता ती दुरुस्त झालेली झडप तुझ्याबरोबर उल्हास नदीच्या काठावर जळून गेली. लोक विचारतात, ऑपरेशन बिघडलं का? मी सांगते, नाही, ऑपरेशन उत्तम झालं, बहीण गेली. त्यांना वाटतं माझ्या डोक्यावर परिणाम झालाय.

तेराव्याला अंगणात बसायला जागा नव्हती. गावातली प्रत्येक बाई माझ्या गळ्यात पडून हेच सांगत होती की आमच्या घरच्या लग्नात बाय किती सुंदर गायली. त्याच लग्नात गाणं संपल्यावर बायला भिंतीला टेकवून बसवावं लागलेलं, पदराने वारा घालावा लागलेला, हे मात्र एकीलाही आठवत नव्हतं. एक जण तर म्हणाली, "तुजी बहीन कदी कोनाला नाय बोलली नाय." अगदी कौतुकाने म्हणाली. तुला नाही म्हणता आलं नाही म्हणून तर तू गेलीस, आणि हिला तो तुझा गुण वाटतो. तिच्या मुलीच्या हळदीला तू तापाने फणफणलेली असताना गायलेलीस. मी तिला पाण्याचा ग्लास दिला आणि स्वयंपाकघरात निघून गेले, नाहीतर तोंडातून काहीतरी निघालं असतं.

ठाण्याच्या माझ्या शाळेतल्या एका बाईंनी परवा विचारलं, धवलारीण म्हणजे नेमकं कोण? त्यांना वाटलं, लग्नात हौसेने गाणी म्हणणारी कुणी बाई असेल. मी म्हटलं, आमच्या आगरी लग्नात भटजींच्या आधी ती लागते. मांडव घालायचा, तांदळाच्या पिठाने चौक भरायचा, हळद लावायची, यातलं काहीही तिने धवला, म्हणजे त्या विधीचं गाणं, म्हटल्याशिवाय पुढे सरकत नाही. ती देवांना बोलावते, गेलेल्या माणसांना बोलावते, नवरीला शहाणं करते. मागे बसलेल्या बाया तिची ओळ उचलतात आणि हे तासन्‌तास चालतं. पुस्तक नाही, कागद नाही, सगळं डोक्यात आणि गळ्यात. "अय्या, किती छान," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, हो, फार छान. माझी बहीण त्यापायी मेली.

बोलते मी अशी हल्ली. तुला आवडलं नसतं.

तुझं दुखणं मला पहिल्यांदा कळलं ते नवरात्रात. तू माझ्याकडे खोपटला आलेलीस आणि आपण टेंभी नाक्याच्या देवीला चालत निघालो. अंतर ते केवढं! पण तू दर चार दुकानांनी थांबत होतीस. आधी साड्या बघितल्यास, मग बांगड्या, मग स्टीलचे डबे. मला वाटलं, बाई गावाहून आलीय, बघू दे. पुढे हार्डवेअरच्या दुकानासमोर उभी राहून तू नळाच्या तोट्या बघायला लागलीस तेव्हा माझी ट्यूब पेटली. तुझे ओठ काळसर दिसत होते, आणि ब्लाउजच्या वर गळ्याशी एक शीर थडथड उडत होती.

"बाय, दम लागतोय तुला?"

"नाय गो. तोटी बगतंव. मोरीतली गलतंय."

गळत होती ती मोरीतली तोटी नव्हती हे कळायला पुढे एक इको करावा लागला. मी दर वर्षी आठवीच्या मुलांना फळ्यावर हृदय काढून दाखवते. चार कप्पे, आणि रक्त कुठून कुठे जातं ते दाखवायला लाल-निळे बाण. तुझ्या पडद्यावर रक्त उलटं मागे येत होतं. प्रत्येक ठोक्याला रंगाचा एक फवारा नको त्या दिशेला उडत होता. तू पडद्याकडे बघून म्हणालीस, "रंगपंचमी जाली कं?" ते टेस्ट करणारे डॉक्टरसुद्धा हसले. मला हसता आलं नाही.

सर्जनने नीट समजावलं. घाई केली नाही, घाबरवलं नाही. झडपेला खालून बारीक दोऱ्या असतात, यांच्या त्यातल्या काही तुटल्यात, म्हणून दार पूर्ण मिटत नाही आणि रक्त मागे फुप्फुसाकडे येतं. आत्ता केलं तर यांचीच झडप शिवून, नव्या दोऱ्या घालून, भोवती एक कडं बसवून दुरुस्त होईल. थांबलात तर हृदय मोठं होत जाईल, थकेल, आणि मग दुरुस्त करूनही उपयोग होईलच असं नाही. एवढं सगळं ऐकून तू एकच प्रश्न विचारलास.

"नली गल्यान घालनार कं?"

"हो, भूल देताना श्वासासाठी घालावीच लागते."

"मंग माजा आवाज ऱ्हाईल कं?"

बहुधा असा प्रश्न सर्जनना कुणी विचारला नसावा. म्हणाले, "बहुतेक राहतो. काही दिवस बसल्यासारखा वाटेल, मग येईल. क्वचित एखाद्याला त्रास राहतो." किती सरळ माणूस! डॉक्टरने खोटं बोलावं असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. "शंभर टक्के राहतो, आजी," एवढं म्हणाले असते तर तू आज ओट्यावर बसून मेथी निवडत असतीस.

घरी आलो. चहाचा कप हातात घेतल्यावर म्हणालीस, "त्यो बहुतेक बोलला गो. आयकलंस ना?"

"अगं, बहुतेक म्हणजे राहतोच. डॉक्टर असंच बोलतात."

"तुज्या शालेन आसंल तसा. मांडवान बहुतेक चालत नाय."

"आणि जीव राहिला नाही तर? गाणार कोण मग, तुझा फोटो?"

"मना मुकी करून जगवतंस कं?"

यावर मी जे काही बोलले ते सगळं बरोबर होतं. आजही त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. तूही तुझा घेतला नाहीस. चहा तसाच गार झाला आणि तू नितेशला गाडी काढायला सांगून गावी, शहाडला निघून गेलीस. तिथून पुढे आपल्या दोघींत दुसरा विषयच उरला नाही. फोन केला की आधी पाऊसपाणी, मग भावोजींची खुशाली, आणि तिसऱ्या वाक्याला भांडण.

तुझ्याजवळ उत्तर कायम तयार असायचं. या लग्नाचा नारळ घेतलाय, तो कसा परत करू? त्या पोरीची आई नाय, तिला मी शबूद दिलाय. सीझन संपला की करते. सीझन संपला की श्रावण, मग गणपती, मग नवरात्र, मग तुळशीचं लग्न लागलं की पुन्हा मांडव. आपल्या गावात लग्नं संपतात कधी? शेतं गेली, तिथे टॉवर उभे राहिले, पोरांच्या दारात गाड्या आल्या, आणि हळदी आणखीच मोठ्या झाल्या. डीजेची भिंत उभी करतात, त्या भिंतीशेजारी तू खुर्ची घेऊन बसायचीस. तुझं झालं की त्यांचा दणदणाट सुरू. तुझ्या वेळी तेवढा आवाज बंद ठेवायचे, हाच काय तो मान. आणि तेवढ्यावर तू खूश!

घरचे काय करत होते असं लोक मला आडून आडून विचारतात. नितेश तुझ्यापुढे तोंड उघडत नाही हे मला माहीत होतं. भावोजींना मी एकदा कोपऱ्यात गाठलं आणि म्हटलं, तुम्ही दम भरा तिला. ते म्हणाले, "तिला कोनी कवा दम भरलाय? तिला इचार." बाय, मला त्यांचा राग आला होता आणि अजून येतो. पण खरं सांगायचं तर तेही बिचारे तुझ्या आवाजाचे गिऱ्हाईकच होते. त्यांनी पहिल्यांदा तुला बघितलं तेव्हा तू कुणाच्या तरी हळदीत मागे बसून ओळ उचलत होतीस, हे त्यांनी मला तुझ्या दहाव्याला सांगितलं. इतकी वर्षं मनात ठेवून होते. तुला सांगितलं होतं की नाही कोण जाणे.

गोळ्यांची गोष्ट तर मी कुणाला सांगत नाही, कारण ती सांगताना माझा आवाज चढतो. तुला लघवी होण्याच्या गोळ्या दिल्या होत्या. अंगात, फुप्फुसांत पाणी साचू नये म्हणून. रोज सकाळी, न चुकता. आणि तू त्या लग्नाच्या दिवशी घेत नव्हतीस. लपवूनही नाही, अगदी सरळ सांगायचीस.

"मांडवान बसली की कवा उठू? नवरीला हलद लावता लावता बोलू, थांब गो, मी जाऊन येतंव?"

मी म्हटलं, उठायचं! देव थांबतील. नवरी थांबेल. तू म्हणालीस, धवला अर्ध्यावर टाकून उठलेली धवलारीण आपल्या आजीने पाहिली नाही, आईने पाहिली नाही, आता तू नवी पद्धत काढू नकोस. आणि शिवाय मांडवाजवळ बायांना जायला जागा कुठे असते? हे मात्र खरं होतं. एवढे मोठे मांडव, झुंबरं, फुलांच्या कमानी, जेवणाचे एवढे प्रकार. त्यात बाईमाणसाला जायला एक धड जागा कुणी केली नाही. गोळी नाही म्हणून पाणीही प्यायचं नाही, आणि घसा सुकला की खडीसाखर. सीझनमध्ये तुझे गोळीचे दिवस कमी आणि बिनगोळीचे जास्त. पायावर बोट दाबलं की खड्डा पडायचा, तो भरून यायलाच तयार नसायचा. झडपेने तुला जेवढं मारलं तेवढंच या हट्टाने मारलं, हे मी डॉक्टरांना विचारून लिहितेय.

शेवटी तुला स्वतःच्याच घरात, सकाळी भाकरी थापताना, पाण्यात बुडाल्यासारखं झालं. कल्याणच्या हॉस्पिटलमधून ठाण्याला आणलं. तेच सर्जन. नवा इको बघून त्यांनी चष्मा काढला. झडप अजूनही दुरुस्त होण्यासारखी आहे, म्हणाले, पण हृदय आता ते राहिलेलं नाही. जोखीम मोठी आहे. नाही केलं तरी दिवस फार नाहीत. मला वाटलं तू पुन्हा आवाजाचं काढशील. तू काढलं नाहीस. उशांना टेकून, दर दोन शब्दांनी थांबत तू मला म्हणालीस, "आथा दमच नाय... तर आवाजाचं... काय लोनचं घालू? कर तुना काय करायचाय."

जिंकले मी. इतके दिवस भांडून मिळालेला तो विजय, आणि तो घेऊन मी बाहेर पॅसेजमध्ये उभी होते. माझ्यासारखं बरोबर असणं कुणाच्या वाट्याला येऊ नये.

बाकीचं तुला माहीत नाही, म्हणून सांगते. दुरुस्ती झाली, गळती थांबली. पण दुसऱ्या दिवसापासून तुझं हृदय ओढ घेईना. मी सर्जनना विचारलं, झडप ठीक असताना असं का? त्यांनी समजावलं, बाय. इतकी वर्षं तुझं हृदय प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त मागच्या मागे सोडत होतं. ती मागची वाट सोपी होती. थकलेल्या हृदयाला तिची सवय लागली होती. आपण दार नीट बंद केलं आणि आता सगळंच्या सगळं पुढे ढकलायचं काम त्याच्यावर पडलं. तेवढी ताकद त्यात उरली नव्हती. लवकर केलं असतं तर होती. हे शेवटचं वाक्य ते बोलले नाहीत. चांगला माणूस. मीच मनात म्हटलं.

मधे एक दिवस तू जरा सावरलीस आणि त्यांनी नळी काढली. मला आत सोडलं. तू माझ्याकडे बघितलंस, ओठ ओले केलेस आणि घशातून काहीतरी खरखर आली. मी कान जवळ नेला.

"बग," तू म्हणालीस. "बसला. तुज्यामुलं."

तेवढंच. नर्सने मला बाहेर काढलं, आणि त्यानंतर तू शुद्धीवर आली नाहीस.

काय म्हणू मी याला? साठीच्या बाईने मरता मरता धाकट्या बहिणीला असं म्हणावं? अगं, चार दिवसांत आला असता आवाज. त्यांनी आधीच सांगितलं होतं, बसल्यासारखा वाटेल, मग येईल. हे सांगायला माझ्या ओठावर आलेलं वाक्य तसंच राहिलं. अजून आहे. रोज भांडी घासताना मी ते तुला सांगते. आणि रोज तू उशीवरून तशीच बघतेस, रागाने, अगदी लहानपणी मी तुझी परकरपोलकी फाडली की बघायचीस तशी. मला तुझा इतका राग आलाय बाय, की नीट रडताही येत नाही.

पण रागाने भरलेलं असलं तरी मन एवढं आंधळं नाही. आप्पांनी मला सातवीनंतर घरी बसवायचं ठरवलं तेव्हा तू मिठागरावरून आलेल्या आपल्या बापासमोर उभी राहिलीस आणि म्हणालीस, हिला शिकू द्या, हिच्या वाटचं काम मी करीन. आणि केलंस. तुझा गळा सगळ्या पंचक्रोशीने वापरला, पण तुझ्या हातावर मी एकटी शिकले. माझ्या हळदीला तू गायलीस तेव्हा तुझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि स्वर मात्र केसभर हलला नव्हता. मी हळूच विचारलं, बाय, कशी गं गातेस रडता रडता? तू म्हणालीस, "रडतात ते डोले. गला येगला." मी विज्ञानाची बाई झाले आणि तुझं हे शास्त्र मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्या दिवसाचं ऋण आहे म्हणून तर मी तुझ्याशी इतकी भांडले. परक्या बाईशी कोण भांडतं?

काल गावात आले होते. तुझ्या साड्या वाटायच्या होत्या, नितेशला ते जमेना. पलंगावर ढीग घालून बसले होते तेवढ्यात पलीकडच्या आळीतून धवला ऐकू आला. कुणाची तरी हळद. मला वाटलं, तुझी जागा इतक्या लवकर भरली? तशीच उठले आणि गेले.

भरलेल्या चौकासमोर प्रणाली बसली होती. तुझ्या जावेची सून, तूच हाताशी धरून शिकवलेली. धडधाकट पोरगी, दोन हंडे डोक्यावर घेऊन जिना चढते. ती गात होती आणि ओळीच्या बरोबर मध्यावर थांबत होती. थांबायची, एक मोठा श्वास घ्यायची, तो श्वास सगळ्या मांडवाला ऐकू यायचा, मग मागच्या बाया उरलेली ओळ उचलायच्या. पुढची ओळ, पुन्हा मध्यावर थांबणं, पुन्हा श्वास. तू पूर्वी अख्खी ओळ एका दमात न्यायचीस, आई न्यायची तशी. ते मध्येच तोडणं गेल्या दोन-तीन सीझनमधलं, तुझं फुप्फुस पाण्याने भरायला लागल्यानंतरचं.

धवला संपायची वाट बघितली आणि मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"प्रणाली, ओळ मध्येच का तोडतेस गं?"

"तशीच चाल हाय, मावशी. बायनी तशीच शिकवलीय."

"ती चाल नाही. तिला दम पुरत नव्हता. तिची झडप गळत होती म्हणून ती थांबायची." मी जरा जोरातच बोलले असेन. हळद लावणाऱ्या बायांचे हात थांबले.

ती पोर उद्धट नाही. "आसंल, मावशी," ती म्हणाली. "पन आमी सगल्या आथा तशाच गातो. नि आयकायला बरं लागतंय."

मी भांडायला तोंड उघडलं. सांगणार होते की मूर्ख पोरींनो, हे गाणं नाही, हे एका बाईचं मरण आहे, ते तुम्ही पाठ केलंत. पण कुणीतरी पुढचा विधी मांडला आणि ती गायला लागली. अर्ध्या ओळीवर थांबली. तिला गरज नसलेला तो श्वास तिने आत घेतला, आणि मागच्या बायांनी ओळ उचलून पार पलीकडे नेली.

बाय, मला सांगताना लाज वाटते. खरंच बरं लागत होतं.